आधी आमचे चेहरे परत करा!

"माणसाचा चेहरा देव घडवतो, पण पुरा करतो तो मी!" असं फोटोकाका गेली चाळीस वर्षं सांगत आले होते. आणि ते खोटंही नव्हतं. गावातल्या झाडून सगळ्या ओळखपत्रांवरचे फोटो काकांच्याच स्टुडिओतले. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीचं बारीक टोक फिरलं की मस गायब, देवीचे व्रण गायब, दोन हनुवट्यांची एक! याला ते 'टचिंग' म्हणत.

ही कीर्ती आरोग्य विम्याच्या मशीनपर्यंत पोचली नव्हती, एवढाच काय तो घोटाळा झाला.

सरकारी विम्याच्या नोंदणीचा तो शेवटचा दिवस होता. पाचला खिडकी बंद. सोमवारी काकूंच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते आणि दवाखान्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "आधी कार्ड, मग खाट." तीन आठवडे काकू उजव्या कुशीवर हात दाबून वावरत होत्या. "गर्दी ओसरू दे, मग जाऊ," हे काकांचं रोजचं उत्तर. गर्दीही बहुधा घरोघरी हेच म्हणत होती. कारण त्या दिवशी ती सगळीच्या सगळी नोंदणीच्या सभागृहात हजर होती!

काका मात्र पहिल्या नंबरवर होते. "पाच मिनिटांचं काम!" त्यांनी काकूंना बाकावर बसवत सांगितलं.

काकूंचा चेहरा मशीननं क्षणात ओळखला. 'माझ्या तोंडाला पेन्सिल लावायची नाही,' असा त्यांनी लग्नातच दम भरला होता ना! पण कार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावावर निघणार. प्रमुख कॅमेऱ्यासमोर ताठ बसले. मशीन गुरगुरलं. लाल दिवा!

"जुळणी एकोणीस टक्के," नोंदणीवाली मुलगी म्हणाली. "काका, चुकून मुलाचं ओळखपत्र आणलंत का?"

"माझंच आहे!"

"बाजूला थांबा. पुढचे!"

पुढचे हेडमास्तर. चोवीस टक्के. त्यांच्यामागे बेकरीवाला, एकतीस. शिंपीणबाई, बावीस. अकरा वाजेपर्यंत निम्मी रांग बाजूला जमा झाली. मशीन बिघडलं की काय म्हणून मुलीनं स्वतःचा चेहरा लावून पाहिला. अठ्ठ्याण्णव! मग तिनं ओळखपत्रं पत्त्यांसारखी पसरली. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एकच शिक्का.

"हा स्टुडिओ कुणाचा?"

चाळीस बोटं एकदम काकांकडे वळली. त्या वेळी काका भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याच्या सूचना फार मन लावून वाचत होते.

मुलीनं साहेबांना फोन लावला. साहेबांनी तोडगा काढला: ज्यानं फोटो सुधारला त्यानंच, काय काय सुधारलं ते लिहून सही करावी. मग ताजा फोटो चालेल.

"मग आधी आमचं उरकतो," काका लगबगीनं म्हणाले, "हिला बरं नाही..."

"ते काही नाही!" बेकरीवाला गरजला. "आधी आमचे चेहरे परत करा!"

झालं! काका टेबलाशी बसले. "हेडमास्तर," त्यांनी लिहिलं, "डोक्यावरचे केस: सर्व माझ्याकडून." नियमाप्रमाणे मुलीनं ते मोठ्यानं वाचलं.

"हळू, हळू!" हेडमास्तर टक्कल चाचपत कळवळले. सभागृहात त्यांचे तीन पिढ्यांचे विद्यार्थी होते.

"शिंपीणबाई. डाव्या गालावरचा मस."

"माझा मस उजवीकडे आहे!"

"मग निगेटिव्ह उलटी छापली असणार," काकांनी प्रामाणिकपणे आणखी एक ओळ लिहिली.

"बेकरीवाले. कान, दोन्ही बाजूंनी आत घेतले."

"लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं नाही!" बेकरीवालीनं तिथल्या तिथे नवऱ्याचा कान धरून तपासणीच सुरू केली.

तीन वाजले. चार वाजले. चाळीस माणसं, आणि प्रत्येकाचं काम तक्रारीसह! दर सहीनंतर काका घड्याळाकडे बघत आणि मग काकूंकडे. काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या, कपाळावर घाम होता, तरी 'लिहा, लिहा' अशी हातानं खूण करत होत्या. काकांनी साऱ्या गावाचे चेहरे सुधारले, पण घड्याळाला काही टचिंग करता येत नव्हतं.

चार बावन्नला शेवटची सही झाली. "आता मी!" काका कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत कोसळले.

"तुमचं कोण लिहून देणार?" मुलगी म्हणाली. "स्वतःची साक्ष स्वतःला चालत नाही."

काकांनी मागे वळून पाहिलं. चाळीसच्या चाळीस जण आपापले चेहरे घेऊन पसार झाले होते! सभागृहात उरल्या फक्त काकू.

"बायको चालेल?"

"चालेल. लवकर करा."

काकू कुशीवर हात दाबत टेबलाशी आल्या. मुलीनं ओळखपत्र पुढे केलं. दाट कुरळे केस, भरलेले गाल, टोकदार नाक. काकांनी आपला लग्नाआधीचा फोटो पुन्हा एकदा सुधारून चिकटवला होता.

"काकू, हे तुमचे यजमान?"

काकू फोटो लांब धरून बघत राहिल्या. घड्याळ टिकटिकत होतं.

"हा माणूस मला फोटोत दाखवला होता," अखेर त्या म्हणाल्या. "अजून त्याचीच वाट बघतेय."

"अगं, तीन मिनिटं राहिलीत!" काका रडकुंडीला आले.

"म्हणजे हो लिहू की नाही?" मुलीनं विचारलं.

काकूंनी समोरच्या घामेजल्या, पडलेल्या, भेदरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हो लिहा. बदल: सर्व."

पाचाच्या ठोक्याला कार्ड बाहेर पडलं. काकांनी ते छातीशी धरलं आणि काकूंना आधार देत पायऱ्या उतरू लागले. डोळे पुसले, घसा खाकरला आणि आता आयुष्यात पुन्हा पेन्सिल म्हणून हातात धरायची नाही, अशी शपथ घ्यायला त्यांनी तोंड उघडलं.

"अहो," काकू म्हणाल्या.

"बोल ना!"

"सोमवारी येताना तो जुना फोटो घेऊन या. भूल उतरली की आधी मला तो दाखवा. मग तुम्ही हळूहळू पुढे या."