धांडे मास्तरांचं पुण्याचं कडवं

धांडे मास्तरांच्या घरात कुणी ‘पुणे’ म्हटलं की मास्तर आधी पेटीवर पंचा टाकतात. “तिच्या कानावर नोको,” म्हणतात.

मास्तर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले. आता आमच्या वेगळ्या विदर्भाच्या मंचाची सगळी गाणी त्यांचीच. चहा अर्धाच कप आला तर तो ‘पुणेरी चहा’, नळाला पाणी बारीक तर ‘पुणेरी धार’. कोरसात एखाद्याचा आवाज नाकातून निघाला की संपलंच. “पुण्याहून आला काय गा?”

आता खरं सांगायचं तर मी मास्तरांवर जळतो. कोराडीच्या वीजकेंद्रातल्या नोकरीत माझी उभी हयात गेली. वीज कुठे जाते, राख कुणाच्या अंगणात येते, यावर मी बावीस पानांची पुस्तिका लिहिली. सभेत ती वाटली, तर लोकांनी तिच्यावर तर्री-पोह्याच्या प्लेटा ठेवल्या. मास्तरांनी मात्र एवढंच लिहिलं:

“ऊठ गा पुणेकर पाहुण्या, ऊठ आता पाटावरून,
किती खाशील बाप्पा आमच्याच ताटातून!”

आमच्या सक्करदऱ्यातल्या पोरासोरांना ते एका दुपारीत पाठ झालं. चालच तशी होती. मेली माझ्याही तोंडी बसली!

माझ्या पुस्तिकेत भांडण सरकारशी होतं. गाण्यात ते पुणेकरांशी होतं, म्हणून महिनाभरात मंचाचंही पुणेकरांशीच झालं. सभेत बाकरवडी बंद. पुण्यात मुलगी द्यायची नाही, असा ठराव एकमतानं पास. माझी पुस्तिका वाचून पुण्याचे एक म्हातारे इंजिनिअर पाठिंबा द्यायला आले, तर पोरांनी त्यांना बघताच कडवं सुरू केलं. बिचारे हात जोडून आल्या पावली परतले. मी तणतणत मास्तरांचं घर गाठलं.

मास्तर मोबाइल समोर धरून बसले होते. त्यात एक चिमुरडी म्हणत होती, “आजोबा, मला गाणं म्हणा ना.”

“मला नाही वं, मले म्हण,” मास्तर म्हणाले, आणि मला बघताच त्यांनी घाईनं फोन ठेवला.

तेव्हा कळलं. मास्तरांची एकुलती एक मुलगी पुण्यात दिलेली. बायको गेल्यावर त्यांच्यासोबत गाणारी तीच होती.

“पोरगी गेली तवापासून त्या गावाचं नाव ऐकवत नाही जी,” मास्तर म्हणाले. “त्याच रागात कडवं केलं. आता जावयानं ते मोबाइलवर पाह्यलं. म्हणते, जिथं मले पाटावरून उठवतेत तिथं दिवाळीले येत नाही. पोरगी नाही, नात नाही, कोणीच नाही येऊन राहिलं.”

मी भांडायला आलो होतो, ते सोडून पेटीजवळ बसलो.

“नानाजी, त्या जागी दुसरं कडवं लिहून द्या,” ते म्हणाले. “तुमच्यासारखं लिहा. लोकं ऐकूनच गप्प बसले पाहिजे.”

इतका अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. तरी लिहून दिलं, राखेवर.

पुढच्या सभेत जावयाला दाखवायला म्हणून मास्तरांनी पेटीसमोर मोबाइल लावून ठेवला. कडवं आलं. त्यांनी माझे शब्द उचलले, आणि मैदानभर लोकांनी जुनंच कडवं दणक्यात सुरू केलं. मास्तरांनी हात वर करून थांबवलं. लोकांना वाटलं, आणखी जोरात म्हणायला सांगताहेत.

पेटी थांबली. मास्तर मोबाइलच्या अगदी जवळ सरकले आणि माझं कडवं एकटेच म्हणत राहिले. माझे शब्द पहिल्यांदा कुणीतरी गात होतं, पण मला त्याचा आनंद होईना. मी स्टेजवर चढलो, त्यांच्याजवळ बसलो आणि मोबाइलकडे तोंड करून गायला लागलो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते.

“सूर नाही लागून राहिला तुमचा,” ते म्हणाले. “पण म्हणा जी, म्हणा.”