केस शिकवणारं कॉलेज

सलूनवाल्याच्या धाकटीला बिझनेस शिकायला परदेशातल्या दोन कॉलेजांनी बोलावलं. एक आत्याच्या शहरात, काचेच्या इमारतीतलं. दुसरं पार लांब, जिथे ओळखीचं कुत्रंही नाही. पोरीचा जीव दुसऱ्यात अडकलेला, बापाचा आत्यात. (आत्याचा कुणातच अडकला नव्हता, पण तो विषय वेगळा.) संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं आणि बापाच्या होकाराशिवाय पोरगी पाऊल उचलणारी नव्हती.

सकाळी चहाला तिनं लॅपटॉपमधून मान वर न काढता विषय सोडला. आत्याकडचं कॉलेज नुसती व्याख्यानं देतं म्हणाली, लांबच्या कॉलेजात मात्र सगळं शिक्षण केसवर.

बापाचा कप ओठाशी थांबला. "कशावर?"

"केसवर. आठवड्याला दोन केस सोडवायला देतात."

दोनच? त्याच्या उस्तादानं तर पहिल्याच दिवशी अख्खं डोकं दिलं होतं. पण परदेशात सगळं बारकाईनं चालतं, असं त्याच्या कानावर होतंच.

"आणि बनावट नाहीत, बाबा. खऱ्या केस असतात. काही तर चाळीस वर्षांपूर्वीच्या."

(खऱ्या नव्हे, खरे. इंग्रजी शाळेनं पोरीचं व्याकरण पार नासवलं होतं.) म्हणजे विगवर हात बसवत नाहीत. चाळीस वर्षांत पांढरे झाले असतील, पण शिकायला पांढरेच बरे, प्रत्येक चूक दिसते.

बाप दुकानात गेला तो तरंगतच. जो खुर्चीत बसला त्याला त्यानं ऐकवलं, की ज्यावर आपलं घर चाललं ते शिकायला साहेबांची पोरं चार-चार वर्षं घालवतात. वकीलसाहेबांना तर साबण फासून, मान मागे टेकवून, सविस्तर ऐकवलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. भारावले असणार.

संध्याकाळी घरात शिरतानाच त्यानं निकाल दिला. आत्या राहिली बाजूला, केसवालंच कॉलेज. "फक्त एक विचार त्यांना. कात्री तिथे मिळते, की इथून न्यायची?"

पोरीचं बोट होकाराच्या बटणावर होतं. तिला सगळा घोळ एका क्षणात कळला. गप्प बसून बटण दाबलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण पोरगी आपल्या बापाची. तिनं हात मागे घेतला आणि सांगितलं, की केस म्हणजे धंद्याचं प्रकरण. एखादं दुकान चाललं का, बुडालं का, ते मुलांनी शोधून काढायचं.

बाप बराच वेळ स्वतःचे हात बघत राहिला. पोरीनं मनातल्या मनात आत्याचं शहर जवळपास मान्यच करून टाकलं.

"म्हणजे डोक्याचंच काम," तो शेवटी म्हणाला.

"डोक्याचंच, बाबा."

"मग दाब ते बटण."

दुसऱ्या दिवशी त्यानं वकीलसाहेबांना रस्त्यातच गाठलं. "साहेब, तुम्हाला तरी केस म्हणजे काय ते ठाऊक होतं ना?"

"होतं की."

"मग काल बोलला का नाहीत?"

"वस्तरा माझ्या गळ्यावर होता," वकीलसाहेब म्हणाले. "तशा अवस्थेत मी कुठलीच केस लढत नाही."