विहीणबाईंची खुर्ची

या लग्नात एकही गोष्ट चुकणार नाही, असं वृंदानं जाहीर करून टाकलं होतं. आणि वृंदानं जाहीर केलं की ते झालंच म्हणून समजा! भवानीपूरच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जिनं अकरा हजार पुस्तकं जागच्या जागी ठेवली, तिला एक लग्न जागच्या जागी ठेवणं काय अवघड? धाकट्या चैत्रालीचं लग्न पुलापलीकडच्या हावड्याच्या सौम्यशी ठरलं, त्याच आठवड्यात तिनं मराठी आणि बंगाली लग्नरीतींवरची चार जाडजूड पुस्तकं वाचून काढली आणि एकशे बारा बाबींची यादी केली. बाब एकोणचाळीस: कान पिळायला सख्खा भाऊ नाही, सबब चुलतभाऊ. बाब चाळीस: चुलतभावाला समज देणे, हळू पिळ.

"ताई, तू लग्न लावतेयस की जनगणना करतेयस?" चैत्रालीनं विचारलं.

"आईला यादी लागली नसती. मला लागते," वृंदा म्हणाली आणि पुढच्या बाबीकडे वळली.

आई श्रावणात गेली होती. वर्षाच्या आत कार्य उरकावं म्हणून माघातला मुहूर्त धरला होता. यादीतल्या एकशे अकरा बाबी वृंदाच्या होत्या, एक आईची. दवाखान्यात, कापऱ्या अक्षरात आईनं वहीत लिहून ठेवलं होतं: 'विहीणबाईंचे पाय धुणे, ओवाळणे, जरीची साडी. मुहूर्ताच्या आधी. हे चुकवू नये.' शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा. ती साडीसुद्धा आईनंच निवडली होती. पुण्याच्या शैलामावशीला व्हिडिओ कॉलवर दोन तास दुकानभर फिरवून, शंभर साड्या उलगडायला लावून, शेवटी पहिलीच पसंत केली होती!

तेव्हा या एका बाबतीत हयगय नव्हती. वृंदानं सौम्यच्या आईला, सुतपाकाकिमांना, आधीच गाठून विचारलं होतं, "काकिमा, तुमच्यात म्हणे आई मुलाचं लग्न बघत नाही?"

काकिमा तीस वर्षं समाजशास्त्र शिकवत होत्या. त्या अशा हसल्या की बशीत चहा सांडला. "कुठल्या काळातली पुस्तकं वाचतेस गं! मी पहिल्या रांगेत बसणार आहे!"

वृंदानं तिथल्या तिथे टिकमार्क केला आणि पहिल्या रांगेत लाल मखमलीची, सिंहाच्या पायांची, राजाच्या नाटकातून पळवून आणल्यासारखी एक खुर्ची सांगून ठेवली.

लग्न सकाळी आपल्या पद्धतीनं, संध्याकाळी त्यांच्या. मुहूर्त अकरा सतराचा. साडेआठला शंख फुंकत हावड्याची मंडळी आली. सर्वांत पुढे परात, आणि परातीत त्यांच्या रीतीचा, शकुनाचा, पाच किलोचा रुई मासा! लाल साडी नेसलेला, नाकात नथ, डोक्यावर छोटासा मुकुट. शैलामावशी दारात तबक घेऊन उभी होती. जन्मात तिनं मासा शिजलेलाही पाहिला नव्हता, हा तर नटूनथटून आला होता. ती क्षणभर थबकली आणि तिनं माशाला कुंकू लावलं.

"मावशी!"

"अगं, साडी नेसून दारात आलेल्या बाईला तसंच आत घेऊ?" मावशी म्हणाली. "पण विहीणबाई कुठायत?"

विहीणबाई नव्हत्या. काका होते, आत्या होत्या, नवरदेव होता. विहीणबाई नव्हत्या.

"आईचं पोट जरा बिघडलंय," सौम्य म्हणाला आणि भिंतीकडे बघू लागला.

"कपाटाची किल्ली सापडत नाहीये तिला," सौम्यचे बाबा म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

"वहिनी पूजेला बसल्यात," आत्या म्हणाल्या आणि माशाकडे बघू लागल्या.

वृंदानं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मावशीच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी उजळली. "एका बाईची तीन कारणं! रुसली! विहीण रुसली!"

"मावशी, त्या प्राध्यापक आहेत."

"मग प्राध्यापकासारखी रुसली असेल! अगं, माझ्या सासूबाई माझ्या लग्नात लाडवाच्या आकारावरून रुसल्या होत्या. आजवर बोलतायत!"

मग अपराध शोधायला सुरुवात झाली. मावशीच्या मते पत्रिकेत काकिमांचं नाव लहान अक्षरात पडलं होतं. वृंदाच्या बाबांना, म्हणजे अरुणरावांना, आठवलं की बैठकीत त्यांनी हावड्याच्या मिठाईपेक्षा आपल्या भवानीपूरची चांगली म्हटलं होतं. "शिवाय मी संदेश अर्धाच खाल्ला, वृंदा," ते पडेल आवाजात म्हणाले. "अर्धा ठेवला. त्यांनी पाहिलं."

"भाऊजी!" मावशीनं कपाळाला हात लावला.

वृंदानं घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं. वहीतल्या दोन रेघा तिच्या डोळ्यांसमोर आल्या. आईनं आयुष्यात तिला हजार कामं सांगितली असतील. हे शेवटचं. "मी जाते. घेऊन येते त्यांना."

"एकटी कशी जाशील? रुसलेल्या विहिणीला वाजतगाजत आणायचं असतं! साडी घे, नारळ घे, सनईवाल्याला घे!" मावशी निघता निघता मागे वळली. "आणि भाऊजी, ती मानाची खुर्ची रिकामी ठेवू नका हो, अपशकुन होतो. काहीतरी ठेवा तिच्यावर."

"बरं," बाबा म्हणाले. बाबा सांगितलेलं काम करतात. काय सांगितलंय याचा विचार त्यांच्याकडे नसतो.

पिवळ्या टॅक्सीत पुढे सनईवाला, मागे वृंदा, मावशी, नारळ, तांब्या, परात आणि साडी. हावडा ब्रिजवर गाड्या अशा चिकटल्या होत्या की मावशीला शेजारच्या बसमधल्या बाईशी ओळख करून घेता आली. सनईवाला बसून बसून कंटाळला आणि त्यानं वाजवायला सुरुवात केली. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "दीदी, बऊ कोथाय?" नवरी कुठाय? वृंदानं सांगितलं, नवरी मांडवात आहे, आम्ही तिच्या सासूला आणायला निघालोय. टॅक्सीवाला पुलाच्या टोकापर्यंत आरशातून तिच्याकडे काळजीनं बघत होता.

गल्लीत शिरताच पहिल्या मजल्याच्या गॅलरीत काकिमा दिसल्या! त्यांनी टॅक्सी पाहिली, सनई पाहिली, आणि झटकन आत जाऊन धाडकन दार लावून घेतलं.

"जबर रुसलीय," मावशी आदरानं म्हणाली.

वर जाऊन वृंदानं दार ठोठावलं. "काकिमा, आमचं चुकलं असेल तर माफ करा."

आतून आवाज आला, "वृंदा, तू जा! मुहूर्त चुकेल!"

"आधी चूक सांगा! संदेशाचं असेल तर बाबांना मधुमेह आहे!"

"कसला संदेश?"

"पत्रिकेत नाव लहान पडलं का?"

"मी चष्म्याशिवाय वाचलीच नाही!"

मावशीनं सूत्रं हातात घेतली आणि आपल्या पुणेरी हिंदीत दाराला तोंड लावून म्हणाली, "विहीणबाई, गुस्सा थूक डालो! हम पाँव धोने को आए हैं!"

तोवर जिन्यात शेजार गोळा झाला होता. एक आजोबा म्हणाले, सुतपा शाळेपासूनच हट्टी. एका काकूंना वाटलं नवरदेव पळाला, तर दुसरीला वाटलं वरात आली, आणि तिनं तोंडाजवळ हात नेऊन 'उलूलूलू' असा मंगलध्वनी केला. तो ऐकून सनईवाल्याला जोर चढला. खालच्या मजल्यावरचा कुत्रा रडू लागला. एवढ्या गदारोळात पाय रोवून रुसणं कुठल्याही विहिणीला शक्य नव्हतं!

दार उघडलं.

काकिमा लाल काठांच्या पांढऱ्या रेशमी गरदसाडीत उभ्या होत्या. अंबाड्यात गजरा, कानात झुमके, हातात पर्स. चप्पलसुद्धा घातलेली!

"तुम्ही तर तयार आहात!" वृंदा म्हणाली.

"पहाटे पाचपासून." काकिमा मटकन खुर्चीत बसल्या. "गाडीच्या दारापर्यंत गेले गं. पाय उचलेना. तीस वर्षं पोरांना शिकवलं, रूढी माणसांनी केल्या, माणसांनी मोडाव्या. आणि गाडीच्या दारात मनात आलं, मी बघितलं, आणि उद्या सौम्य-चैत्रालीला काही झालं तर? आमच्यात आईची नजर नको म्हणतात. दोन्हीकडच्या आयांची. तुझ्यासमोर एवढी हसले होते, आता कुठल्या तोंडानं सांगू? मी सगळ्यांना म्हटलं, काहीही कारण सांगा."

"त्यांनी एकेक सांगितलं," वृंदा म्हणाली. "आधी ठरवून घ्यायला हवं होतं."

काकिमांना हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरले. वृंदा हातातल्या साडीकडे बघत उभी होती. दोन्हीकडच्या आयांची. "म्हणजे," ती हळूच म्हणाली, "तुमची रीत आमच्या आईनं अगदी काटेकोर पाळली."

जिन्यातल्या काकूंनी तोंडाजवळचा हात खाली घेतला. सनईवाल्यानं सनई.

वृंदानं भराभर मावशीला सगळं मराठीत सांगितलं. मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, मग वेगळं काय त्यात? आपल्या घरातही मुलीची आई लग्न लागताना बघत नाही. बाजूला तुळशीला पाणी घालत बसते!"

"काय?" वृंदाचं स्वतःचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं होतं, तिथे तुळस नव्हती. "मावशी, हे माझ्या यादीत नाही! आईच्या वहीतही नाही!"

"कसं असेल?" मावशी म्हणाली. "तिला वाटलं असेल, हे तर मीच करणार."

वृंदानं परात जमिनीवर ठेवली, काकिमांची चप्पल काढली आणि पाय धुवायला घेतले. पाणी थंडगार होतं. काकिमा "अगं, पुरे गं" म्हणत होत्या, आणि वृंदा नको इतका वेळ धूत होती. मावशीनं ओवाळलं. आईची साडी काकिमांच्या मांडीवर ठेवली तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मुहूर्ताच्या आधी.

मग वृंदा उठली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा ग्रंथपाल झाली. "काकिमा, बघायचं नाही एवढंच ना? मग बघू नका. ऐका! तुमच्याकडे तुळस आहे?"

परतीच्या टॅक्सीत काकिमांच्या मांडीवर तुळशीची कुंडी होती. सनईवाल्यानं पूल येण्याआधीच वाजवायला घेतलं. टॅक्सीवाल्यानं आता काहीच विचारलं नाही.

पोहोचले तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. मावशी मांडवाकडे धावली. वृंदा काकिमांना घेऊन मागच्या दारानं स्वयंपाकाच्या अंगणात शिरली. मोठमोठ्या पातेल्यांच्या मधे कुंडी ठेवली आणि दोघी पायरीवर बसल्या. आत लाउडस्पीकर खरखरला आणि पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. वृंदानं तांब्या कलता केला. दर 'सावधान'ला थोडं थोडं पाणी, संपू नये इतकं बारीक.

"तू जा की आत," काकिमा कुजबुजल्या. "तुझ्या बहिणीचं लग्न आहे."

"आईचं काम आहे," वृंदा म्हणाली. "मधेच कसं सोडू?"

काकिमांनी तिच्या हाताखाली आपला हात धरला. आत टाळ्या वाजल्या, वाजंत्री दणाणली, शंख फुंकले गेले. तांब्या रिकामा झाला होता. दोघी तशाच बसून राहिल्या.

तर एकशे बारा बाबींची यादी करणाऱ्या वृंदानं सख्ख्या बहिणीचं सकाळचं लग्न लागताना बघितलंच नाही. महिन्याभरानं आलेल्या फोटोंतच काय ते बघितलं. काकिमांनाही आग्रह केला, "आता बघायला हरकत नाही, लागून गेलंय." दोघींनी पहिला फोटो उघडला. अंतरपाट नुकताच दूर झालाय, हार वर उचललेत, अक्षता हवेत आहेत. आणि पहिल्या रांगेत, लाल मखमलीच्या, सिंहाच्या पायांच्या मानाच्या खुर्चीवर, डोक्यावर छोटासा मुकुट, कपाळाला कुंकू, नाकात नथ, डोळे टक्क उघडे ठेवून बसलाय...

"बाबा!" वृंदा ओरडली.

"शैला म्हणाली होती, काहीतरी ठेवा," बाबा म्हणाले.