वेंकोबाराव पुढं जात नाहीत

वेंकोबारावांना कोणाच्याही पुढं जाता येत नाही. लग्नाच्या पंगतीत ते शेवटच्या पानाची वाट बघत हात धुऊन उभे असतात. लिफ्टमध्ये सगळ्यांना आत घालतात, मग दार मिटतं आणि हे बाहेर राहतात. एकदा तिरुवल्लिकेणीच्या देवळात, मागून येणाऱ्या प्रत्येकाला "तुम्ही व्हा, तुम्ही व्हा" करता करता रांगेत इतके मागं सरकले, की देवळाचं दारच लागलं. "अस्के गेले का? मग मी येतों," हे त्यांचं पालुपद. अस्के म्हणजे सगळे. त्यांची मराठी तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या इकडं मुरलेली. माझी साताऱ्याची, लेकीच्या नोकरीपायी चेन्नईला येऊन पडलेली.

आमची ओळख सायकलवरची. तेव्हा मी अगदी तरुण होते. साठी नुकतीच उलटली होती, त्यामुळे अक्कल बेताची. लेकीनं हौसेनं आणलेल्या गिअरच्या सायकलवर घरातले टॉवेल वाळत असत. मी टॉवेल काढले, सलवारीला पायाशी क्लिपा लावल्या आणि जाहीर केलं, की आपण लांबच्या राइडला जाणार, तंबूत राहणार.

नात म्हणाली, "आजी, तुला खाली बसलं की उठता येत नाही."

"तंबूत उठायचं असतंच कुठं?" मी म्हणाले. असा एकूण बाईंचा तोरा.

ग्रुपमध्ये बहुतेक मराठी पोरं, कोणी आयटीतली, कोणी मोटारींच्या कारखान्यांतली. कॅप्टन अमेय. नाशिकचा, बोलायला गोड, पण नियमांना पक्का. तंबू आणि जेवण घेऊन टेम्पो पुढं जाणार, बाकीच्यांनी आपापल्या वेगानं यायचं. सगळ्यांच्या मागं मात्र एकानं राहायचं आणि शेवटच्या माणसाला काही झालं तरी ओलांडायचं नाही. हे मागचं काम वेंकोबारावांनी पहिल्या दिवसापासून, कोणी न सांगता, उचललेलं.

माझ्या त्या पहिल्या राइडला आम्ही एन्नोरवरून पुलिकतच्या सरोवरापर्यंत जाणार होतो. पहाटे निघताना अमेयनं सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, मागच्या वेळी तुम्हाला शोधायला अंधारात टेम्पो परत पाठवावा लागला. आज उजेडात पोचला नाहीत, तर पुढच्या राइडला सायकल घरी. तुम्ही टेम्पोत."

वेंकोबारावांनी हेल्मेटचा पट्टा उगाच सोडला, पुन्हा लावला. "सरि," म्हणाले. म्हणजे ठीक आहे. चेहरा मात्र पटावरून नाव कमी केलेल्या मुलासारखा झाला होता.

एन्नोरच्या रस्त्याचं वर्णन मी करणार नाही. एका बाजूनं कंटेनरचे ट्रक, दुसऱ्या बाजूनं वीजकेंद्राची राख, आणि समोरून वारा, तोही तोंडावर ओला पंचा मारल्यासारखा. दुपारपर्यंत माझ्या तारुण्याचा निकाल लागला. सीट कुठं संपते आणि मी कुठं सुरू होते, ते समजेना. मागून वेंकोबारावांचं बोलणं अखंड चालू. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी ब्रेक तपासण्यात गेलेली. त्यामुळे जगात चाकं असतात ती केवळ ब्रेक लावण्यासाठी, असं त्यांचं मत.

"अक्का, तुमची मागची ब्रेक रडते."

"वेंकोबाराव, मीही रडतेय."

"तुमचं मग बघूं. आधी ब्रेक."

शहाळं प्यायला थांबलो, तिथं मी चष्मा विसरले. बरंच पुढं आल्यावर लक्षात आलं. वेंकोबारावांनी सायकल वळवली आणि मी घाम पुसून नीट टेकते न टेकते तोच चष्मा घेऊन हजर. धापसुद्धा नाही! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस मंद नव्हताच. मंद मी होते. मागच्या राइडलाही यांच्या पुढं कोणीतरी माझ्यासारखंच लटपटत चाललेलं असणार.

"तुम्ही पुढं व्हा हो," मी म्हणाले. "मी येते हळूहळू."

"तें जमत नाही, अक्का."

"अहो, सायकल जाईल तुमची!"

"जाऊं दे."

मी टेम्पोला फोन करून त्यात बसले असते, तर प्रश्नच मिटला असता. पण नातीला काय तोंड दाखवायचं? तरुण रक्त, दुसरं काय! मी तशीच रेटत राहिले.

ऊन उतरायला लागलं तसे पाय फिरेनासे झाले. एका मोरीवर मी बसकण मारली. तेही शेजारी बसले. मी चिडून विचारलं, "मागं राहायचा एवढा सोस कसला तुम्हाला?"

त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं, पुन्हा बसवलं.

"बाजारात जात होतों. मी आणि ती. गल्ली अरुंद, म्हणून मी पुढें, ती मागें. मी बोलत होतों. मुलानं फोन केला नाही, मुरुंगक्कायची शेंग महाग झाली, असंच. मंडईशी येऊन वळलों, तर ती नाही. पार मागें एका ओट्यावर बसली होती. बसली ती बसलीच."

रस्त्यानं एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत ते थांबले.

"मी किती वेळ एकटाच बोलत होतों, तें मला अजून ठाऊक नाही."

मी उठले. त्यानंतर मी जशी सायकल चालवली, तशी आयुष्यात कधी चालवली नव्हती आणि आता तर चालवणारही नाही. पण पाय माझेच होते. पुलिकतच्या माडांशी पोचलो तेव्हा पाणी आणि आभाळ एकसारखं काळं झालं होतं आणि अमेय टॉर्च घेऊन रस्त्यावर उभा होता.

मी लगेच सुरू केलं, "अरे, काका तर केव्हाच आले होते! मला न्यायला म्हणून परत मागं..."

"अक्का खोटें सांगते," वेंकोबाराव म्हणाले. "मी आताच आलों."

अशा माणसाचं काय करायचं, सांगा!

अमेयनं मान हलवली. "मग काका, ठरलं ते ठरलं."

पुढची राइड महाबलीपुरमच्या बाजूची. वेंकोबाराव टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेले. टेम्पोनं नेहमीप्रमाणे पुढं जायचं होतं. तो गेला नाही. ड्रायव्हरशी तमिळमध्ये काय बोलणं झालं, देव जाणे. पण सगळे सायकलवाले निघून गेले आणि टेम्पो माझ्या मागं, माझ्या वेगानं, बैलगाडीसारखा चालू लागला. तिकडं पोरं मुक्कामी पोचली. तंबू नाहीत, जेवण नाही. शेवटी अमेयचा फोन आला. तो इतका ओरडत होता, की मला रस्त्यावर ऐकू आलं.

"काका, टेम्पो कुठंय?"

"अक्काच्या मागें," वेंकोबारावांनी शांतपणे सांगितलं.

त्या संध्याकाळी, गार झालेला सांबारभात गिळताना, ग्रुपनं एकमतानं त्यांना सायकल परत दिली. तत्त्वबित्त्व काही नव्हतं, भूक होती.

पण त्याआधी, वाटेत मुट्टुकाडूचा पूल लागला. चढ बघूनच मी उतरले आणि सायकल ढकलायला लागले. मागं दाराचा आवाज झाला. वेंकोबाराव टेम्पोतून उतरून माझ्या मागोमाग पायी चालत होते आणि खाली खाडीत उभ्या असलेल्या होड्यांबद्दल काहीतरी सांगत होते. वाऱ्यात अर्धे शब्द उडून जात होते. मला दम लागला होता, बोलायचं त्राण नव्हतं.

तरी त्यांच्या दर वाक्याला मी मोठ्यानं "हं" म्हणत राहिले, पूल संपेपर्यंत.