शिंकेच्या मागावर मालतीताई

माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात नवरा मुलगा शिंकला, आणि आमच्या शेजारच्या मालतीताई साळवे पर्समधून कापसाची लांब काडी काढून उभ्या राहिल्या. ‘‘अंगठी थांबू दे बाळा, आधी नाक दे!’’ व्याही मंडळी हबकली. मी तर मेलोच शरमेनं.

मालतीताई प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. फ्लूच्या कोणत्या विषाणूवर आता गोळी चालत नाही, याचा माग काढणं हे त्यांचं काम. पण त्या हा माग आमच्या गारखेडा वस्तीतही काढत. दुष्काळाची सालं होती. चहूकडं नव्या बिल्डिंगा उगवत होत्या आणि नळ कोरडे होते. टँकर आला की सगळे हंडे घेऊन धावत, या नमुने ठेवायचा बर्फाचा डबा घेऊन. ‘‘रांगेत लई शिंका सापडतात,’’ म्हणायच्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये विरजण मागावं तशा उरलेल्या गोळ्या मागायची पद्धत होती. बरं वाटलं की कोर्स अर्धा सोडायचा, उरलेलं पाकीट शेजारी द्यायचं. मालतीताईंना हे कळलं तेव्हा जिन्यात उभ्या राहून त्या अशा कडाडल्या की वरच्या मजल्यावरची पोरं रडायला लागली. ‘‘खबरदार! अर्ध्या गोळीनं विषाणू मरत नाय, शिकतो!’’ तेव्हापासून घरोघरी रिकामी पाकिटं तपासणं सुरू झालं. त्यांची चप्पल वाजली की लोक खोकला गिळत. दार तर कुणी उघडेचना.

त्या हिवाळ्यात साथ आली. दम्याची जुनी दुखणाईत असलेली माझी आई तापानं फणफणली. डॉक्टरांनी गोळ्या आजच सुरू करा म्हणून बजावलं. मी पार शहागंजच्या बाजारापर्यंत औषधांची सगळी दुकानं पालथी घातली. माल संपलेला, परवा येणार. हात हलवत परतलो तर उंबऱ्यावर एक पाकीट. निम्म्या गोळ्या गेलेल्या. मालतीताई जिन्याच्या टोकाशी, तोंडाला फडकं बांधून.

‘‘हे कुणाचं?’’

‘‘माझं. तुझ्या डॉक्टरांना फोन केलाय, चालंल म्हणाले. दे तिला.’’

मला धक्काच बसला. ‘‘तुम्ही? कोर्स अर्धा सोडताय?’’

‘‘व्हय,’’ त्या खाली बघत म्हणाल्या. ‘‘मी धडधाकट हाय, निभंल माझं. तिला दम निघायचा नाय.’’ आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आख्ख्या बिल्डिंगची शिंक जिला ऐकू जायची, ती बाई भिंतीपलीकडं आजारी होती आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता.

माल आला, आईचा कोर्स पुरा झाला. ताप उतरल्यावर आईनं पहिला प्रश्न केला, ‘‘मालतीला कुणी खायला दिलं का रे?’’ मी गुमान खिचडीचा डबा घेऊन गेलो. ‘‘बाहेर ठेव. जवळ येऊ नको,’’ आतून आवाज आला. मी डबा ठेवून वळलो.

‘‘ऐक की. लगेच जाऊ नको. तिथंच जिन्यावर बस जरा. लांबून बोल, पण बोल काहीतरी.’’