लोणावळा जवळ सरकलं त्याची गोष्ट

गाडीची चाकं मोठी करायची, हे मी एका रविवारी दुपारी गच्चीवर आडवा पडून ठरवलं. (माझे बहुतेक निर्णय आडव्या अवस्थेतच होतात. उभा असलो की माझी बायको शहिस्ता काहीतरी काम सांगते.) वर ढग लोणावळ्याच्या दिशेने निघाले होते, अगदी सावकाश, पेट्रोलची फिकीर नसल्यासारखे. बघता बघता वाटलं, चाक मोठं असलं की एका फेरीत जास्त रस्ता कापणार. म्हणजे फेऱ्या कमी, इंजिनाला आराम, पेट्रोलची बचत. इतकी साधी गोष्ट गाडी बनवणाऱ्यांना सुचू नये, याचं मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

आता बचतीची एवढी घाई का, तर गाडी सासऱ्यांची. नूरमहंमद, मुक्काम इंदुरी, उभी हयात टेम्पो चालवण्यात गेलेली. लग्नानंतर त्यांनी आपली जुनी गाडी आम्हाला वापरायला दिली, पण अट घालून. "अ‍ॅव्हरेज अठराच्या खाली गेलं, की किल्ली परत. धाकटा जावई वाटच बघतोय." तेव्हापासून फोनवर ते आधी "किती देते?" विचारतात आणि मग मुलीची खुशाली. तळेगावच्या कंपनीत आठवडाभर मालाच्या पावत्या फाडून झाल्या की रविवारी त्या गाडीतून धुक्यात जायचं, एवढं एकच सुख माझ्या आयुष्यात आहे. किल्ली गेली की तेही गेलं.

शहिस्ताला मी स्वयंपाकघरात जाऊन समजावलं.

"ही पुरी समज आणि ही भाकरी. दोघी घरंगळत सोडल्या, तर एका फेरीत लांब कोण जाईल?"

"भाकरी."

"बघ."

"पण भाकरीला पीठ जास्त लागतं आणि थापायला जोरही जास्त लागतो. ती पुरी खाली ठेवा आधी. हात धुतलेत का?"

बायकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, असं मनाशी म्हणून मी गेलो आणि चाकं बसवून आलो. (मनाशीच म्हणालो. मोठ्याने म्हणायची माझी छाती नाही.) दुकानदार म्हणाला, "काय लूक आलाय साहेब." अ‍ॅव्हरेजबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात चमत्कार झाला. लोणावळा जवळ आलं. रस्ता तोच, वळणं तीच, पण मीटरच्या हिशेबाने लोणावळा तळेगावकडे चांगलंच सरकलं होतं. माझी कंपनीही घराच्या जवळ आली होती. मला फार छान वाटलं. सगळ्या आवडत्या जागा अशाच हळूहळू जवळ येत जाव्यात, असं स्वप्न बघत मी दोन दिवस काढले. मग पेट्रोल भरायला गेलो आणि तोंडचं पाणी पळालं. चाकं फेऱ्या कमी मारत होती म्हणून मीटर अंतर कमी दाखवत होतं, आणि ती अवजड चाकं फिरवता फिरवता इंजिन पेट्रोल मात्र जास्त पीत होतं. अ‍ॅव्हरेज अठराच्या कितीतरी खाली.

नेमका त्याच रविवारी अब्बांचा, म्हणजे सासऱ्यांचा, मुक्काम आमच्याकडे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"चाकांना सूज आलीय व्हय?"

"फॅशन आहे अब्बा."

"असंल. चला, लोणावळ्याला जाऊन येऊ. अ‍ॅव्हरेज काढू."

मी स्टिअरिंगवर, अब्बा शेजारी, शहिस्ता मागे. पंपावर अब्बांनी टाकी गळ्यापर्यंत भरली, मग मला बंपरला धरून गाडी हलवायला लावली आणि आतली हवा निघाल्यावर वर आणखी भरली. "मीटरला मी इचारत न्हाई," ते म्हणाले. "रस्त्याकडंचे मैलाचे दगड मोजायचे." हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. दगड काही सरकलेले नव्हते. दगडांच्या हिशेबाने किल्ली कदाचित वाचली असती.

पण लोणावळ्याच्या पुढे असं धुकं उतरलं, की दगड सोडा, आमचंच बॉनेट दिसेना. अब्बांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

"उतर आन् दगड बघून ये."

उतरलो. खरं सांगतो, फार सुख वाटलं. रस्ता नाही, कंपनी नाही, सासरा नाही. सगळीकडे पांढरं, आणि दरीतून कुठूनतरी पाण्याचा आवाज. दगड सापडला, आकडा वाचला, आणि जरा वेळ त्याच्यावरच बसलो. किती वेळ ते मला विचारू नका. परतताना गाडी ओळखायची कशी, तर टायर चाचपला. मोठा होता. पुढे स्टिअरिंगवर कोणीतरी बसलेलं दिसलं, म्हणजे अब्बाच, आणि शेजारी एक बाई, म्हणजे शहिस्ता पुढे आलेली. मी मागे बसलो.

"अब्बा, दगड सापडला, पण आकडा विसरलो."

पुढून एक अनोळखी पुरुषी आवाज म्हणाला, "अनिता, हे कोण बसलंय?"

"मला काय माहीत? दादा, ही टॅक्सी नाही हो."

इतक्यात लांबून ओळखीचा हॉर्न ऐकू आला. माफी मागत उतरलो आणि त्या आवाजाच्या मागे गेलो. आमच्या गाडीचे सगळे दिवे लागलेले, इंजिन सुरू, आणि अब्बा स्वतः स्टिअरिंगवर, हॉर्नवर हात ठेवून. उतार लागला की इंजिन बंद करणारा हा माणूस.

"अब्बा, पेट्रोल जळतंय."

"जळू दे. इंजिन बंद ठिवून दिवे मंद पडले असते तर तू कुटं सापडला असतास?"

 शहिस्ता मागच्या सीटवर डोळे पुसत होती. "येडा हाय माझा नवरा," एवढंच म्हणाली.

तळेगावला परत टाकी भरली, गाडी हलवली, हिशेब झाला. अठराच्या खाली. अब्बा म्हणाले, "जावई हुडकण्यात जळलं ते धरायचं न्हाई." ते वजा करूनही आकडा खालीच राहिला. मी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि शहिस्ताला दिली.

"चाकं पयली बसवून घे. आन् गाडी तू चालव. तुझा ह्यो मोईन चांगला हाय, पण त्यो समोर बघत न्हाई, वर बघतो."

जुनी चाकं परत आली, अ‍ॅव्हरेजही आलं. पण शहिस्ता बापाची लेक. अठरावर तिचं समाधान होईना. वजन कमी करायचं म्हणून तिने डिकीतून माझी घडीची खुर्ची काढली, छत्री काढली, जुनी सतरंजी काढली. एका रविवारी गाडीत आणखी काय जड आहे ते शोधत तिने सगळीकडे पाहिलं, आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

आता अ‍ॅव्हरेज झकास आहे. रविवारी बाप-लेक गाडीने लोणावळ्याला पुढे जातात आणि मी मागून एस.टी.ने येतो. एस.टी.ची चाकं चांगली मोठी आहेत.