चारशे एक नंबरच्या काळ्या मण्यांची मोहीम

वाचणारांचे हुजुरी, या मोहिमेत अथपासून इतिपर्यंत हजर असलेल्या इमानी चाकराचा मुजरा ऐसाजे. धाकट्या सूनबाईसाहेब मोठ्या हुन्नरी, परंतु गेले साली सासूबाईसाहेबांचे वाढदिवशी त्यांनी लोकरीचा ससा विणून नजर केला, तो सासूबाईंनी "बटाटा झकास जमलाय गं" म्हणोन वाखाणला, आणि ते शल्य जिव्हारी रुतले. मग यंदा सूनबाईंनी पण केला की, सासूबाईंचे लाडके काळे मांजर, वजीर, मण्यांच्या बटव्यावर उतरवावे आणि त्यांनी ते न सांगता ओळखावे.

मग नक्षीचा कागद पैदा केला, तो त्यात रंगांची नावे नाहीत, अवघे आकडे. अकरा नंबरचा मणी आठ नंबरच्या मण्याहून बारीक, हा उफराटा कायदा उमजण्यात दोन दिवस खर्ची पडले, आणि मग उलगडले की, चारशे एक हे माप नव्हे, रंग, म्हणजे बिनचमकीचा काळा. सूनबाईंनी वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून पतिराजांस मणीवाल्याकडे रवाना केले, ते फत्ते करून परतले, आणि पुड्या फोडल्या तो आत निव्वळ गुलाबी मणी. वाढदिवस तीन दिवसांवर. सूनबाईंचे डोळे भरून आले.

तेव्हा घरच्या मुत्सद्दी थोरल्या जाऊबाई, त्यांनी चष्मा चढवून चिठ्ठी निरखिली आणि निवाडा दिला की, आकडे लिहिले मराठीत आणि मणीवाल्याने वाचले इंग्रजीत. आपला चार त्याचा आठ जाहला, आपला एक त्याचा नऊ, आणि चारशे एकाचे आठशे नऊ होऊन ही गुलाबी फौज दारी आली. मग आकडे अक्षरी लिहून पतिराजांची दुसरी स्वारी निघाली, आणि काळे मणी आले, परंतु फोडलेल्या पुड्या मणीवाला परत घेईना. मग सुई अहोरात्र चालली, स्वयंपाकाचा कारभार पतिराजांकडे गेला, आणि करपले तेही सर्वांनी मुकाट खाल्ले.

बटवा सिद्ध जाहला, तरी मांजर कोणाचेही वाटे. सूनबाईंनी खिडकीत पसरलेल्या वजिरास न्याहाळले, तो त्याचे नाक गुलाबी. मग नाकाचे काळे मणी उसवून तेथे तीन गुलाबी मणी बसविले.

वाढदिवशी सासूबाईंनी बटवा हाती घेतला.

"अगं, हा तर आपला वजीर," सासूबाई म्हणाल्या. "नाक बघ की त्याचं."

येणेप्रमाणे बटाट्याचा डाग धुतला गेला, सूनबाई पोटभर हसल्या, आणि हे वर्तमान चिठ्ठी नेणाऱ्या पतिराजांनी स्वहस्ते लिहिले. खबरदारी म्हणोन आकडा एकही घातला नाही.